फरशीला जखडलेली खुर्ची

अख्ख्या रायगड जिल्ह्यात मशीनवरचं शास्त्रीय संगीत माझ्याइतकं कोणी ऐकलेलं नाय, हे मी छाती ठोकून सांगतो. त्यातलं निम्मं मी झोपेत ऐकलंय, तेवढं सोडून द्या.

मी पेणचा बाळाराम. गणपतीच्या कारखान्यात आयुष्य गेलं. मूर्तीचे डोळे काढणारे कारागीर वेगळे, त्यांना लोक हात जोडतात. मी उंदीर रंगवतो. शाळा चौथीत सुटली, म्हणून हे मी नुसतं बोलतोय आणि माझी पुतणी लिहून घेतेय. त्या बुधवारी दुपारी उंदरांच्या शेपट्या करत बसलो होतो, तेव्हा रोह्याहून सुनंदावहिनीचा फोन आला. "भावोजी, हे गेले." मी इतका हुशार, की विचारलं, "कुठं गेला? शिफ्टला?" तिचा नवरा यशा, माझा लहानपणचा दोस्त, त्याला रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. पलीकडं वहिनी रडायला लागली, मग मला कळलं. आणि कळल्यावर पयलं काय आठवलं असेल तर रविवारचं माझंच वाक्य. तीनच दिवसांपूर्वी त्याच्यासमोर बसून मी बोललो होतो, "यशा, दम कोंडला माझा. उठून पळून जावंसं वाटत होतं." अकरा वर्षांत त्याच्या गाण्याबद्दल पयल्यांदा खरं बोललो आणि बुधवारी छातीत कळ येऊन माणूस गेला. डॉक्टर काय ते सांगतील, पण माझ्या घशात ते वाक्य दीड महिना अडकून बसलं. ना गिळता येत, ना थुंकता येत.

यशवंत ठाकूर आणि मी खाडीकाठच्या एकाच गावचे. दोघांचे बाप मिठागरावर. गावच्या भजनात तो पेटी वाजवायचा, असा वाजवायचा की म्हातारी माणसं माना हलवायची सोडून गप बसायची. मलापण भजनात घेतलेलं. बुवांनी माझ्या हातात जोडीतला एकच टाळ दिलेला, आवाज होऊ नये म्हणून. पुढं त्यानं आयटीआय केलं, धाटावला केमिकल कंपनीत ऑपरेटर लागला, रोह्यात घर केलं. सुट्टीत भेटला की पंपाच्या गोष्टी सांगायचा. तीन नंबरचा पंप पेटीच्या पांढरी पाच सुरात बोलतो, कॉम्प्रेसर त्याच्या खालचा सूर धरतो, दोघांच्या मधे उभं राहिलं की तानपुरा लागल्यासारखं वाटतं. मी म्हणायचो, "व्हय रे, आणि बॉयलर तबला वाजवतो." तो हसायचा नाय. कंपनीत मोबाईल नेता येत नाय, म्हणून तो आवाज डोक्यात भरून घरी आणायचा आणि जुन्या कॉम्प्युटरवर तसाच बनवायचा. राग आपलाच, मारवा म्हणा, पूरिया म्हणा, पण गळा माणसाचा नाय. गवई जी मींड एका दमात घेतो, ती यशा अकरा मिनिटं घ्यायचा. एका सुरावरून निघाला की दुसऱ्या सुरावर पोचेपर्यंत माणूस बाजार करून येईल.

मग अकरा वर्षांपूर्वी त्याच्या मनात आलं, हे लोकांना ऐकवायचं. रोह्यात एक सभागृह घेतलं, चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावले. समोर कंपनीची मंडळी बायकापोरांसकट, गावचे भजनवाले, आणि पेणहून मी. यशा स्टेजवर कॉम्प्युटरपुढं मांडी घालून, डोळे मिटून. पयली दहा मिनिटं लोक सभ्यपणानं बसले. भजनवाल्यांपैकी एकानं हळूच विचारलं, "अजून सूर जुळवतोय काय?" मी सकाळपासून खुर्च्या लावून दमलेलो, तिसऱ्या रांगेत कधी डोळा लागला कळलं नाय. पुढचं मला नंतर कळलं. ती लांबलचक मींड वर वर चढत गेली, चारी कोपऱ्यांतून, आणि पयल्या रांगेतले कदम फोरमन ताठ झाले. कंपनीत गॅस सुटल्याचा भोंगा असाच चढतो म्हणे. धाटावच्या माणसाला त्याचा सराव इतका झालेला असतो, की डोकं विचार करायच्या आधी पाय उठतात. कदमांनी खिडकीच्या पडद्याकडं बघून वारा कुठला ते पाहिलं, पाण्याच्या बाटलीनं रुमाल ओला केला, नाकाला लावला. मागं सगळ्यांनी तेच केलं. कोणी ओरडलं नाय, कोणी पळालं नाय. बायकापोरं पुढं घालून, वाऱ्याला आडवं चालत, सगळं सभागृह शेजारच्या मैदानात जाऊन रांगेत उभं राहिलं. भजनवाले पण गेले, त्यांना वाटलं मध्यंतर झालं.

आवाज थांबला तेव्हा मला जाग आली. एवढं मोठं सभागृह, मधे मी एकटा, आणि स्टेजवर यशा डोळे उघडून माझ्याकडं बघतोय. झोपेतून उठलं की माझ्या डोळ्यांना पाणी येतं, लहानपणापासून. मी डोळे पुसत होतो. "बाळ्या," तो म्हणाला, "तू थांबलास..." मी मान हलवली. बाहेर आलो तर कदम मोजणी घेत होते. आम्हाला बघून ओरडले, "दोन कमी पडत होते, ते आले! मोजणी पुरी!" यशाला तेव्हा कळलं लोक का उठले ते. मला वाटलं होतं हसेल, निदान शिव्या घालेल. तो नुसता कदमांच्या हातातल्या ओल्या रुमालाकडं बघत राहिला. घरी जाताना बोलला, "पंचवीस वर्षं तो भोंगा कानात बसलाय रे. मी मींड काढायला जातो आणि भोंगा निघतो. कंपनीतून एक दिवस सुटेन बाळ्या, ह्यातून कसा सुटू?" मग थोडं चालल्यावर म्हणाला, "तू थांबला नसतास तर आजच सगळं बंद केलं असतं."

झालं, माझ्या पायात बेडी पडली. आता ह्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं, की मी थांबलो नव्हतो, मी झोपलो होतो?

त्या दिवसापासून दर रविवारी तीन वाजता मी रोह्यात, यशाच्या घरी. घराची मागची खोली त्यानं बंद करून टाकलेली, भिंतींना जुन्या गाद्या, खिडकीला फळ्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा नाय, कपबशीचा आवाज येतो म्हणून चहा नाय. चार कोपऱ्यांत तेच चार स्पीकर, बरोबर मधे हातवाली खुर्ची, आणि दाराला आतून कडी. तो माझ्या पाठीमागं कॉम्प्युटरवर बसायचा. खुर्चीच्या गादीवर पांढरे केस असायचे, ते माझ्या पँटीला चिकटायचे, आणि सुरुवातीचे महिने आमची बायको विचारायची, "रोह्यात कोणाकडं जाताव ते एकदा सांगून टाका." मी आवाज चढला की खुर्ची हळूहळू दाराकडं सरकवायचो, इंच इंच. एका रविवारी गेलो तर खुर्चीच्या चारी पायांना लोखंडी पट्ट्या, आणि पट्ट्या स्क्रूनं फरशीत. "मधेच बसायला पायजे," यशा बोलला, "नायतर चारी बाजूंचं सारखं ऐकू येत नाय." मी त्यात उकडत बसायचो. समोर गादी, मागं यशा, आणि मींड वर चढत, चढत... आणि दरवेळी शेवटाला, नको नको म्हणता, भोंगा. मग पाठीमागून त्याचा उसासा ऐकू यायचा. तो पण अडकलेला आणि मी पण, एकाच खोलीत, आतून कडी लावून.

खरं सांगायचा प्रयत्न मी केला नाय असं नाय. कितीतरी वेळा एसटीत बसल्यावर ठरवायचो, आज सांगायचंच. नागोठण्यापर्यंत सगळं वाक्य तयार असायचं. रोह्याला उतरलो की यशा स्टँडवर उभा दिसायचा, इस्त्रीचा शर्ट घालून, जसा कोणी मोठा पाहुणा येणार हाय. मग मी म्हणायचो, "चल, उशीर नको." गाणं संपलं की विचारायचा, "कसं वाटलं?" मी म्हणायचो, "भारी." अकरा वर्षं एकच शब्द. मला दुसरा येतच नव्हता.

शेवटच्या रविवारी मींड सुरू झाली तसा मी सवयीनं डोळे मिटले. पण झोप येईना. आवाज चढत होता, भोंग्याच्या जागेपाशी आला, मी अंग आवळून घेतलं... आणि भोंगा झालाच नाय. सूर त्या जागेच्या जरासा खाली थांबला आणि तिथंच धरून राहिला. सुटेना पण आणि पोचेना पण. लहानपणी भरतीला मिठागराचा बांध फुटायला आला की बाप आम्हाला बांधावर पाठ लावून उभं करायचा, हलायचं नाय म्हणून. पाठीला थंड पाणी लागत असायचं. तसं झालं मला. हात खुर्चीला घट्ट धरले, तोंडातून श्वास घ्यायला लागलो. किती वेळ गेला कळलं नाय. थांबल्यावर त्यानं विचारलं, "कसं वाटलं?" आणि "भारी" म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडातून ते वाक्य निघून गेलं. दम कोंडला. पळून जावंसं वाटलं. यशा खाली मान घालून कायतरी करत राहिला, आणि स्टँडवर सोडायला आला तेव्हा पण गप्पच. मी एसटीत जीभ चावत बसलो. म्हटलं, बाळ्या, अकरा वर्षं गप होतास, अजून एक रविवार नाय काढता आला तुला?

परवा वहिनीनं बोलावलं, खोली मोकळी करायची हाय म्हणून. मी मनाशी ठरवून गेलो, तिला सगळं सांगायचं. गाद्या काढल्या, भिंती उघड्या पडल्या, खिडकीतून उजेड आला. खुर्ची मात्र निघेना, स्क्रू गंजले होते. मी फरशीवर बसून स्क्रूड्रायव्हरशी झटापट करत होतो आणि तसाच खाली बघून बोलून टाकलं. सभागृहातली झोप, अकरा वर्षांचं "भारी", शेवटचं वाक्य. वहिनीनं ऐकून घेतलं. मग कपाटातून वह्यांचा गठ्ठा आणून माझ्यापुढं ठेवला. कंपनीत ऑपरेटरला दर अर्ध्या तासानं मीटर बघून लॉगशीट भरायची असते, वेळ, रीडिंग, शेरा. यशानं तशाच रेघा मारलेल्या. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून वहिनीनं वाचून दाखवलं.

"तीन पाच, बसला. तीन दहा, पाय हलवतो. तीन बावीस, मान पडली. तीन चाळीस, भोंगा, दचकला."

दर रविवारचं एक पान. मला वाटायचं तो माझ्या मागं बसून कॉम्प्युटर बघतोय. तो मला बघत होता.

"सभागृहातलं पण त्यांना माहीत होतं," वहिनी म्हणाली. "तुमचं घोरणं त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमधे आलंय." मग तिनं शेवटचं पान काढलं. "तीन बावीस, जागा. तीन चाळीस, जागा, खुर्ची धरली. चार, जागा. पळून जावंसं वाटलं म्हणतो." आणि खाली, शेऱ्याच्या रकान्यात, मोठ्या अक्षरांत एकच शब्द. "जमलं."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. पण माझा स्वभाव, तो कुठं जाणार? डोळे पुसले, ह्या वेळी झोपेचे नव्हते, आणि छाती पुढं काढून म्हटलं, "म्हणजे वहिनी, माझ्याशिवाय त्याचं गाणं पुरं झालंच नसतं. मीटर होतो मी त्याचा!"

वहिनीनं वह्या गोळा केल्या, दोऱ्यानं बांधल्या. सगळ्यात खालच्या दोन वह्या मात्र वेगळ्या ठेवल्या.

"उगा फुगू नका भावोजी," ती म्हणाली. "तुमच्याआधी त्या खुर्चीत आमचं मांजर बसायचं. ह्या दोन वह्या त्याच्या हायेत. ते तुमच्यापेक्षा जास्त वेळ जागं राहायचं."