रंगारीकाकांच्या पायावरचा डाग

मी शिकवायची त्या शाळेच्या मागच्या गल्लीत कपडे रंगवायचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याच्या छपराखाली तीन मोठी पातेली, चूल आणि वाळत घालायच्या दोऱ्या. मालकांना सगळे रंगारीकाका म्हणत. शाळेच्या नाटकाचा पडदा विटला की मी त्यांच्याकडे जायची. ते पडद्याची दुमड उसवून आतला, उन्हानं न खाल्लेला रंग निरखायचे. आठ दिवसांनी हुबेहूब तोच रंग हातात.

रंग पक्का बसला की नाही हे बघायची त्यांची एक रीत होती. पांढरं फडकं ओलं करून कापडावर जोरात घासायचं. फडकं कोरं राहिलं तर माल द्यायचा, नाहीतर पुन्हा पातेल्यात. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी फडकं दाखवल्याशिवाय कापड दुकानाबाहेर जात नसे.

हीच रीत त्यांना नडली. सत्तरी ओलांडल्यावर उजव्या पावलाच्या कडेला एक जांभळट डाग दिसला. जन्मभर रंगाच्या ओल्यात अनवाणी उभा राहिलेला माणूस, रंगच लागला असेल म्हणून त्यांनी सवयीनं फडकं घासलं. कोरं. "बघा बाई, स्वतःवर कसा पक्का चढवलाय," असं मला कौतुकानं दाखवलं, आणि मीही हसले. त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं. वर्षभरात एकाचे चार डाग झाले, घोट्यापर्यंत गेले, एक मसुरीएवढा वर आला. दुखत नव्हते, खाजत नव्हते, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

घेतलं ते काकूंनी. कपड्यांच्या घड्या घालता घालता त्या सहज म्हणाल्या, "अहो, जांभळ्या रंगाचं पातेलं दोन वर्षांत चुलीवर चढलंच नाही. मग हा रंग येतोय कुठून?"

काका दवाखान्यात जायला तयार झाले. मुलगा परगावी, सून नोकरीवर, म्हणून सोबत मी गेले. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी डाग बोटानं दाबला, तो फिका पडला नाही. कातडीचा बारीक तुकडा आणि रक्त तपासायला पाठवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, हा रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येणारा कर्करोग आहे, क्वचित दिसणारा, आणि त्याच्या मुळाशी एक विषाणू असतो.

त्यातला 'विषाणू' एवढाच शब्द काका घरी घेऊन आले.

घरात साडेचार वर्षांची नात होती. या खोलीतला निरोप त्या खोलीत पोचवायची म्हणून तिला टपाल म्हणत. संध्याकाळी ती काकांच्या पावलांवर बसून त्यांचे गुडघे मिठीत घ्यायची आणि ते तिला झोके द्यायचे. आता काकांनी मोजे चढवले, ताट वेगळं मांडून घेतलं, पाय खुर्चीखाली ओढून बसू लागले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. ती जवळ आली की त्यांना एका कापडाचा रंग दुसऱ्याला लागतो त्या पातेल्याची आठवण व्हायची. टपाल मला विचारायची, "आजोबांनी माझ्याशी कट्टी का घेतली?"

शेवटी मी प्रश्न कागदावर उतरवले आणि काकांना पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी शांतपणे समजावलं. हा विषाणू पुष्कळ लोकांच्या अंगात असतो, लाळेतून येतो, कधी लहानपणीच. बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. प्रतिकारशक्ती खचली की तो डोकं वर काढतो. एचआयव्हीमुळे ती खचते, काही औषधांनी खचते. काकांच्या तपासण्यांत तसं काही नव्हतं. कधी नुसत्या म्हातारपणातही असे डाग पायांवर उठतात, आणि हा प्रकार बहुधा सावकाश चालतो. थोड्यांनाच का होतो, हे अजून पुरतं कळलेलं नाही. वर आलेल्या गाठीला किरणांचा उपचार करू, बाकीच्यांवर नजर ठेवू.

काका मान हलवत होते, पण लक्ष नव्हतं. कागद संपला तेव्हा त्यांनी विचारलं, "नात पायावर बसली तर?"

"बसू दे की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कर्करोग असा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि पायावर बसून विषाणूही लागत नाही. उष्टं तेवढं देऊ नका."

घरी आल्यावर काकांनी उंबऱ्यातच मोजे काढले. टपालला हाक मारली तर ती दाराआडून हलेना. रुसली होती, घाबरलीही होती. मग त्यांनी पांढरं फडकं मागवलं, ओलं केलं आणि तिच्यासमोर डागावर हलकेच फिरवलं. "बघ, लागत नाही."

तिनं फडकं हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, उजेडाकडे धरूनही पाहिलं. काकू म्हणाल्या, एवढं चिकित्सक गिऱ्हाईक चाळीस वर्षांत आलं नसेल. मग ती येऊन पावलांवर बसली. काकांनी पाय हलवला, आधी अगदी जपून.

त्यानंतर काका नऊ वर्षं जगले. डाग होतेच, काही फिके पडले, एखादा नवा आला. पाय सुजला की खुर्चीवर बसून रंग ढवळायचे. टपाल पायावर मावेनाशी झाली तरी बसायचीच. तेव्हा त्यांनी तक्रार केली, पण ती वजनाची.