एकास दीड

"अर्धा अणू? हा कुठं मिळतो गं, तुमच्या शिरूर कासारच्या बाजारात?" सर म्हणाले आणि अख्खा वर्ग खदखदून हसला.

बीडमधला बारावीचा क्लास. मी फळ्यासमोर उभी. गणित सोपं होतं. शंभर ग्रॅम संयुगात लोखंड सत्तर, ऑक्सिजन तीस, तर सूत्र काढा. मी दोन्हींचे मोल काढले, लहान आकड्यानं भागलं. गुणोत्तर आलं एकास दीड. तिथंच अडकले आणि सूत्रातही तसंच लिहिलं, ऑक्सिजन दीड.

सरांनी टेबलावरून माझा प्रवेशाचा फॉर्म उचलला. मोठ्यानं वाचला. "आईचा व्यवसाय, ऊसतोड. एकटीच जाते ना? म्हणजे अर्धा कोयता. मग बरोबर आहे, तुमच्यात अर्धं चालतं. जा, तूही जा आईबरोबर. कोयता तरी पूर्ण होईल."

पुन्हा हशा. मला रडू आलं नाही. रागही नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाप वारल्यापासून मुकादम आईला अर्धा कोयताच म्हणतो. लहानपणापासून ऐकत आलेय. तोडीला चल म्हणून तोही माझ्या मागं लागलाच होता.

"पूस ते आणि मागं जाऊन बस," सर म्हणाले.

डस्टर हातात घेतलं. डोक्यात भलताच हिशोब सुरू झाला. दीड कोयता आला, तर उसाच्या फडात माणसं किती उतरतात? तीन. एका कोयत्याची दोन, दीडाची तीन. माणूस काही अर्धं कापून आणत नाहीत.

मी पुसलं नाही. खाली लिहिलं, लोखंड दोन, ऑक्सिजन तीन.

"कुणाचं बघितलंस?"

"कुणाचंच न्हाई सर. अर्धा कोयता म्हंजी एक अख्खं माणूस असतंय. ती माझी आई हाय."

सरांनी फळ्याकडं पाहिलं. बरोबर म्हणाले नाहीत, चूकही म्हणाले नाहीत. "पुढचं गणित घ्या," एवढंच बोलले.

मी मागं गेले नाही. पुढच्या बाकावर पोरींना सरकायला लावलं आणि बसले. आनंद वगैरे काही झाला नाही. फक्त एवढं पक्कं झालं, की परीक्षा दिल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आणि माझ्या आईला पुन्हा कुणी अर्धी म्हणालं, मुकादम असो की मास्तर, त्याला तिथंच, चारचौघांत थांबवीन.