मंजोबांचा नववा अवतार

मंजोबांच्या हाती कोणतीही वस्तू आली की ती आधी त्यांच्या कानाला लागायची. घागर असो, भोपळा असो, देवाची मूर्ती असो. कानाशी धरायची, बोटाच्या पेराने ठोकायची आणि डोळे मिटून ऐकायचे. एकदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी पाट ठोकला, तांब्या ठोकला, आणि जेवण उरकून मी मागे रेललो तेव्हा माझे पोटही ठोकले.

"पुराणिक, भरीव आहे," ते म्हणाले.

"डोकं तेवढं ठोकू नका हो," आतून आमच्या घरच्यांचा आवाज आला. "कशाला उगाच आवाज घुमवायचा!"

मी कसब्यातल्या एका देवळात दुपारी पुराण सांगतो. दशावतार ही माझी खासियत. मत्स्य सांगताना माझा आवाज पाण्याखालून येतो. नरसिंहाच्या वेळी मी खांबामागून उडी मारतो; अलीकडे उडी लहान झाली आहे आणि आरोळी वाढली आहे. नववा अवतार मात्र मी एका श्वासात उरकत असे. आपल्याकडे नववा म्हणजे बुद्ध, पण विठोबाच्या रूपातला. विटेवर उभा, हात कमरेवर, तोंड मिटलेले. "नववा बौद्ध. तो मौन धरून राहिला," एवढे म्हटले की मी थेट दहाव्याच्या घोड्यावर.

त्या दुपारी मी असाच घोड्यावर चढत होतो, तोच मागच्या रांगेतून कोणीतरी खदखदून हसले. पुराणात हसणाऱ्याला मी सोडत नाही. पोथी बांधली आणि गाठले. गोल चेहरा, बारीक डोळे, अंगात जाडाभरडा झगा.

"आपल्याला हसू कशाचं आलं?" मी विचारले.

"मौन!" ते गृहस्थ ओरडले. "आमच्याकडे त्याच्यावरून एवढं बोलतात, एवढं बोलतात, की भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो!"

ओरडले म्हणजे रागावले नव्हते. त्यांचे मराठी तांबट आळीत शिकलेले होते, आणि तिथे हातोड्यांच्या आवाजावर चढून बोलावे लागते. त्यामुळे ते 'नमस्कार' सुद्धा ओरडूनच म्हणत. त्यांचे खरे नाव मंजुधन. नेपाळातल्या पाटणचे, पिढीजात मूर्ती ओतणारे, बुद्धाच्या धर्माचे. भोट म्हणजे तिबेट पाहून, पार दक्षिणेला सिंहलद्वीपापर्यंत जाऊन गोसाव्यांच्या काफिल्याबरोबर परत निघाले होते. पुण्यात पाय सुजले म्हणून आठ दिवस थांबले आणि दोन वर्षे राहिले. तिसऱ्या दिवशीच पेठेने त्यांचे मंजोबा केले. त्यांची तक्रार नव्हती. ते सगळ्यांना 'आपण' म्हणत, साळूबाईच्या गाईलासुद्धा. "आपण जरा बाजूला व्हाल का?" असे ते गाईला म्हणाले की साळूबाई पदर तोंडाला लावून हसायची.

साळूबाई लोणी गावची. तिचा गोठा शहराच्या वेशीशी होता आणि मंजोबांना शेण तीच पुरवायची. शेण कशाला, तर साच्याला. त्यांची रीत अशी: मुठेच्या काठची, खडकवासल्याच्या वरच्या अंगाची माती आणायची. तिचा आधी गाभा करायचा, म्हणजे मूर्तीच्या आतला ओबडधोबड गोळा. त्यावर मेण चढवून नाक-डोळे कोरायचे. मेणावर पुन्हा शेणमाती लिंपायची. भट्टीत तापवले की मेण वाहून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत पितळ ओतायचे. मग वरची माती फोडायची, आणि मूर्ती उलटी करून तळातून आतला गाभा खरवडून काढायचा.

एके दिवशी साळूबाई पाटी उतरवताना म्हणाली, "उद्यापास्नं शेन कमी मिळंल बगा. कपिली गाभन हाय, तिला लांब बांधलीया."

"गाभन म्हणजे?" मंजोबांनी विचारले.

मी पुढे सरसावून पोटावर हात गोल फिरवला आणि गाय चालून दाखवली. साळूबाईने मान फिरवली. मंजोबा मात्र टुणकन उठले. "गर्भ! गाभा! गाभण! पुराणिक, मी भोटात, चीनच्या लोकांत हा शब्द शोधत फिरलो, आणि तो आपल्या गोठ्यात बांधलेला!"

मग हातातली माती तशीच ठेवून त्यांनी मला समजावले. त्यांच्या शास्त्रात म्हणे एक शब्द आहे, बुद्धाचा गर्भ. तो प्रत्येक जिवात आहे असे म्हणतात.

"म्हणजे सगळी माणसं गाभण?" मी विचारले.

"हसा. पण भांडण तिथंच आहे. गर्भ म्हणजे काय? चीनच्या माणसानं त्याचं केलं कोठार. आत माल भरलेला आहे, किल्ली शोधा. त्यांच्यात काही जण तर म्हणतात, दगडाभिंतींतही आहे. भोटातल्यानं त्याचं केलं काळीज. आणि मग भोटात दोन घरं झाली. एक म्हणतं, आत मूर्ती पुरी तयार आहे, फक्त वरची माती फोडा. दुसरं म्हणतं, आत काही बसलेलं नाही, पोकळी आहे; पोकळी आहे म्हणूनच हवं ते होता येतं."

"आणि सिंहलातले?"

"तिथले एक म्हातारे भिक्षू माझ्यावर रागावले. म्हणाले, आत काही आहे म्हणून पुजायला बसू नकोस. मन मुळात उजळ आहे, मळ पाहुणा आहे. झाडू घे आणि झाड."

"तुमच्या पाटणला काय म्हणतात?"

"आमच्याकडे गर्भ तो गर्भच. आहे, पण वाढायचा आहे. जपला तर." ते मातीचा गोळा हातात फिरवत राहिले. मग, मी त्यांना ओळखू लागल्यापासून पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलले. "आणखी एक घर आहे, पुराणिक. ते म्हणतं, काही माणसांत बीच नसतं. कधी रुजणारच नाही, अशी माणसं असतात."

हे हळू का, ते मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळले. त्यांचा धाकटा भाऊ रत्नधन. वडिलांनी मरण्याआधी एका मोठ्या मूर्तीचे मेणकाम पुरे केले होते; ओतायची राहिली होती. ओतण्याच्या दिवशी भट्टी भावावर सोपवलेली. तो पिऊन आला, बसल्या जागी झोपला. साचा जास्त तापला आणि तडकला. पितळ मातीत वाहून गेले. वडिलांच्या हातचे शेवटचे काम गेले. मंजोबांनी चौकातल्या सगळ्या घरांसमोर भावाला म्हटले, "याच्यात बीच नाही."

"त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला," मंजोबा म्हणाले. "आणि त्या दिवसापासून बोलला नाही. एकाच चौकात राहतो आम्ही, एकाच विहिरीचं पाणी. तीन वर्षं मी त्याचं गप्प बसणं ऐकलं. मग निघालो. अकरा वर्षं झाली. जो कोणी जाणता भेटेल त्याला विचारतो, बी नसलेला माणूस असतो का? नसतो म्हणून कोणी पक्कं सांगितलं, तर परत जाऊन म्हणेन, मी चुकलो. असतो म्हणाले, तर मी खरं बोललो. ते तर आणखी वाईट."

"अहो, जाऊन नुसतं चुकलो म्हणा की! त्याला शास्त्र कशाला हवं?"

"शब्द शास्त्राचा होता, पुराणिक. मागं घ्यायला शास्त्रच लागेल."

मी आयुष्यभर शास्त्र सांगत आलो, पण एखाद्याला ते इतके लागलेले मी पाहिले नव्हते.

आता माझी चूक. आमच्या पेठेतले एक इनामदार, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांना देवघरासाठी दशावताराच्या दहा मूर्ती हव्या होत्या. मी छाती पुढे काढून मंजोबांचे नाव सुचवले, आणि मंजोबांना जाऊन सांगितले, "दहा अवतार करा. नववा तर तुमच्याच घरचा!" बस्स. आमचा नववा कसा दिसतो, हे सांगायचे राहून गेले.

कामात मी लुडबुड करत असे. मूर्ती झाली की आतल्या पोकळीत काहीतरी ठेवून तळाला तांब्याचा पत्रा बसवायचा, अशी त्यांची रीत. "आपल्याकडे देवाच्या पोटात काय ठेवतात?" त्यांनी विचारले.

"काही नाही."

"उपाशी देव?" त्यांना ते सहन होईना. शेवटी मी घरून आंबेमोहोर आणला आणि प्रत्येक अवताराच्या पोटात चिमूट चिमूट घातला. तात्यांना हे अजून ठाऊक नाही. पत्रा बसवताना मूर्ती मांडीवर उलटी घट्ट धरावी लागे, मी धरायचो आणि ते कडा ठोकत. "हे काम एकट्याचं नाही," ते म्हणायचे. "एकानं धरायचं, एकानं ठोकायचं. धरणारा नसेल तर तळ उघडाच राहतो." नरसिंह धरताना मी आरोळी दिली, तर म्हणाले, "हलू नका, देवाला लागेल."

नववी मूर्ती त्यांनी एकट्याने केली, तिचा पत्रा तेवढा राहिला, आणि दहाही एकदम मांडल्या. तात्या एकेक पाहत मान डोलवत आले आणि नवव्यापाशी थांबले. मांडी घालून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले, उजवा हात खाली जमिनीला टेकलेला.

"पुराणिकबुवा," तात्या म्हणाले, "हे गृहस्थ जेवायला बसलेत का?"

"तात्या, ते म्हणजे..."

"नाही, बसलेच असतील तर पान वाढायला सांगतो. पण माझा नववा उभा असतो. त्याचे हात कमरेवर असतात. याचा हात जमिनीवर काय शोधतोय?"

मी देशोदेशीचे भेद सांगू लागलो. तात्यांनी हात वर केला. "ते देवळात सांगा, लोक ऐकतात. मिस्त्री, पितळ चांगलं आहे. वितळवा आणि उभा करून द्या."

मंजोबांनी मूर्ती उचलली, कानाला न लावताच, आणि आम्ही निघालो. वाटेत मी तात्यांची यथेच्छ नक्कल केली. ते हसले नाहीत. तांबट आळीतल्या आपल्या कारखान्यात येऊन त्यांनी पितळ वितळवायची मूस मांडली, कोळसा पेटवला आणि मूर्ती भट्टीशी ठेवली. तेवढ्यात साळूबाई पाटी घेऊन आली. कमरेवर हात ठेवून तिने मूर्ती न्याहाळली.

"ह्यो कोन वं? तुमचा भाऊ का काय?"

मंजोबांनी वर पाहिले.

"तुमच्यावानीच हाय की. पर ह्याची डावी पापनी जरा पडलीया. तुमची न्हाई."

मी कधी पाटण पाहिले नाही, पण त्या क्षणी रत्नधनला पाहिले. मंजोबा खाली बसले. बराच वेळ त्यांनी मूर्तीच्या पापणीवर अंगठा फिरवला. ती पापणी आपण अशी कोरली आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. मग त्यांनी मूर्ती कानाशी नेली, ठोकली आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"काय ऐकू आलं?" मी विचारले.

"अकरा वर्षं मी तोंडानं विचारत फिरलो, याच्यात आहे का?" ते म्हणाले. "हातांना कधी विचारलंच नाही. बुद्ध करायला बसलो, तर हातांनी त्यालाच बसवलं." मग डोळे पुसून पुन्हा नेहमीसारखे ओरडले, "कोणाचं घर बरोबर ते मला अजून कळलं नाही, पुराणिक! पण हे मला वितळवता येत नाही!"

मग तात्यांच्या विठोबाला पितळ कुठून आणायचे? मी घरी गेलो आणि हातपाय धुण्याच्या निमित्ताने परसातली मोठी पितळी घागर काखोटीला मारून पसार झालो. सध्या ती तात्यांच्या देवघरात कमरेवर हात ठेवून उभी आहे. तिच्या पोटात आंबेमोहोर घालताना, पत्रा ठोकताना, मीच धरली होती. आमच्या घरच्या अजून पाहुण्यांना सांगतात, "ह्यांचा नववा अवतार झाला नि मी पाण्याला मातीचा माठ घेतला."

मंजोबा पुढच्या काफिल्याबरोबर निघाले. मी संगमापर्यंत पोचवायला गेलो. मूर्ती त्यांनी घोंगडीत गुंडाळली होती. तिचा तळ उघडाच होता.

"आणा, मी धरतो," मी म्हणालो. "पत्रा ठोकून घ्या, मग जा."

"नाही. याचा तळ तिथं बंद होईल. धरणारा तिथं आहे." घोंगडी आवळत म्हणाले, "धरेल की नाही, माहीत नाही."

मग त्यांनी झग्यातून एक पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. आत भाजून काळी पडलेली मातीची ढेकळे होती. त्या मूर्तीतून खरवडून काढलेला गाभा. "मूर्ती त्याला, गाभा आपल्याला," ते म्हणाले, आणि पाण्यात उतरले. पलीकडच्या काठावरून त्यांनी ओरडून काहीतरी सांगितले. इतका मोठा आवाज, पण वारा उलटा होता. मला कळले नाही. पुष्कळदा वाटते, पाण्यात उतरून विचारायला हवे होते.

त्यानंतर उत्तरेकडून जो गोसावी येईल त्याला मी गाठू लागलो. "पाटणला जाल तेव्हा, डावी पापणी पडलेला, मांडी घालून बसलेला देव दिसला तर त्याचा तळ बघून या." पुराणिक बिघडला, असे पेठेत बोलू लागले. देवाला उलटे करून बघायला सांगतो! तांबट आळीत मंजोबांची जागा एका कासाराने घेतली; तो गाईला 'ए, हो तिकडं' म्हणतो. साळूबाई म्हणते, कपिलीचं वासरू मोठं झालं तरी गाय त्या दाराशी आली की थांबते. कोणीतरी 'आपण' म्हणेल म्हणून असेल. मीही थांबतो.

सहा वर्षांनी एक म्हातारा गोसावी देवळात आला. पुराण संपेपर्यंत बसला, नरसिंहाला दचकला, आणि मग म्हणाला, "बुवा, तुमचा देव पाहिला."

"कुठं?"

"पाटणला, एका चौकात. सणाला धुवायला बाहेर काढला होता. पापणी पडलेली."

"आणि माणसं? तो ओतारी? त्याचा भाऊ?"

"माणसं मला काय ठाऊक, गर्दी होती. पण तुम्ही सांगितलंत म्हणून वाकून खाली बघितलं. लोक हसले मला."

"अहो, पण तळ?"

"बंद आहे. तांब्याचा पत्रा, कडा छान ठोकलेल्या."

मी खांबाला टेकून बसलो. गोसाव्याला वाटले मला चक्कर आली. तो पाणी आणायला धावला. मला हसू येत होते आणि त्याच वेळी त्या अनोळखी माणसाचा हेवा वाटत होता, कारण मांडीवर मूर्ती घट्ट धरून, न हलता, आरोळी न देता बसलेला तो कोणी होता, तो मी नव्हतो.

हल्ली दशावतारात नवव्यापाशी आलो की मी थांबतो. लोकांना वाटते, बुवा मौनाचा अभिनय करतात; चांगला करतात असेही म्हणतात. पोथीखाली ती पुरचुंडी असते. मी ती कानाशी नेतो, पेराने ठोकतो. माती आहे, वाजत नाही. तरी दहाव्याच्या घोड्यावर चढायची मला आता घाई नसते.