मासिकाच्या दारातली पांढरी गाडी

काकुलेचं काम सांगायला सोपं होतं. लुबेरोच्या डोंगरातल्या गावांनी त्याला फोन करायचा, त्याने खबर शांतिसेनेच्या तळावर द्यायची, आणि तळाने गस्त पाठवायची. तो मुलकी कचेरीचा माणूस. सैनिक त्याला परका समजत आणि गावकरी सैनिकांचाच.

पलटण दरसाल बदलायची. नव्या मेजरला तो पहिल्याच दिवशी बजावायचा, खबर देणाऱ्याच्या दारात आपली पांढरी गाडी थांबवायची नाही. रानातले बंदूकवाले बघत असतात. यंदा नेमकं पलटण आली तेव्हा कचेरीने त्याला गोमा शहरात प्रशिक्षणाला धाडलं होतं. विषय होता मुलकी आणि लष्करी खात्यांचा मेळ.

परतला तेव्हा नवा मेजर खुशीत होता. म्हणाला, "तुमच्या मासिकाबाईंना भेटून आलो. पिठाचं पोतं दिलं, फोटोही काढला."

"दारात?"

"मग कुठे? गावकऱ्यांशी जवळीक वाढवा, असं तुमच्याच कचेरीचं पत्रक आहे."

कितोवो गावातून खबर देणारी मासिका एकटीच. फोन लागतो त्या टेकडीवर चढून तिने दुपारी फोन केला.

"दादा, पीठ चांगलं आहे हो तुमचं. सगळ्या गावाने पाहिलं. काल रानातले दोघं येऊन विचारून गेले, गोरगरिबांत मीच कशी निवडली गेले."

"मावशी, पोरांना घेऊन तयार राहा. गाडी आणतो."

तो मेजरकडे धावला. गावकऱ्याला लष्करी गाडीत बसवायचं तर मुलकी कचेरीचं पत्र हवं. कचेरी म्हणाली, आधी धोका असल्याचा लष्कराचा अहवाल हवा. मेजर म्हणाला, अहवाल लिहितो, पण गावातून दुसऱ्या कुणीतरी दुजोरा द्यायला हवा. दुसरं कुणी नव्हतंच. काकुलेने भाड्याच्या मोटारसायकलवाल्यांना विचारलं. कितोवोचं नाव काढल्यावर एकही तयार होईना.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा त्याने हे सगळं कबूल केलं.

"नऊ वर्षं तुझ्यासाठी ही टेकडी चढले. आता तुझा नंबर पुसते. तूही माझा पूस. कुणाच्या हाती लागायला नको."

त्याने पुसला.

दहा-बारा दिवसांनी सोमवारच्या बैठकीत मेजरने गावांची यादी वाचली. कितोवोपुढे लिहिलं होतं, आठवडाभर खबर नाही.

"म्हणजे शांत आहे," मेजर म्हणाला, आणि त्याने गस्त दुसरीकडे वळवली. मासिका धोक्यात आहे म्हणून खबर नाही, असं काकुले बोलला, पण दुजोरा त्याच्याकडेही नव्हता.