मेरीबाईचं गाव

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या अंकलना जिवंत माणसांपेक्षा मेलेली माणसं जास्त ओळखीची होती, असं मी म्हटलं तर म्हैसूरच्या अख्ख्या कुवेंपुनगरात कोणी माझ्याशी वाद घालायला येणार नाही. समोरच्या घरातल्या बाईंचं नाव बारा वर्षांत त्यांच्या लक्षात राहिलं नाही. पण आयर्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यात शंभर वर्षांपूर्वी कोणत्या पॅट्रिकने कोणत्या मेरीशी लग्न केलं, हे ते जिना उतरता उतरता सांगत. अंकल अँग्लो-इंडियन, रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे. आजोबा पॅट्रिक आणि आजी मेरी आयर्लंडहून आले, आजोबा गार्ड झाले आणि दोघंही म्हैसुरातच वारली, एवढीच त्यांची खात्रीची माहिती. वडील लवकर गेल्यामुळे बाकीचं सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

आजीच्या थडग्यावर नुसता नंबर घातलेला लोखंडी क्रूस होता. तो बघवेना म्हणून अंकलनी एक काळा दगड घडवून घेतला. त्यावर तिचं नाव कोरलं, खाली नवऱ्याचं कोरलं आणि त्याखाली तिच्या गावासाठी एक ओळ मोकळी सोडली. गाव कळलं की कोरायचं आणि दगड बसवायचा. तोवर म्हणून तो आमच्या परसात आडवा ठेवला. दोन महिन्यांचा प्रश्न आहे, असं ते माझ्या आईला म्हणाले होते. नऊ वर्षं झाली. आई दगडाला आधी हात जोडायची आणि मग त्यावर सांडगे वाळत घालायची. अंकल येता-जाता विचारत, "अक्का, आमची आजी तापली का?"

या माणसाला एका जागी बसणं म्हणून माहीत नव्हतं. चहा ते फेऱ्या मारत पीत, त्यामुळे आमच्या ओसरीवर चहाचे थेंब कायम असत. चर्चमध्येही ते दाराशी उभे राहत. स्कूटर सुरू करून काहीतरी आठवलं म्हणून वर जात आणि ती बिचारी खाली अर्धा तास धडधडत राही. आयर्लंडच्या पाद्रींना पत्रं लिहीत, तीही एका वेळी पाच, आणि दुसऱ्या दिवसापासून पोस्टमनला गाठायला कोपऱ्यापर्यंत जात. "अण्णा, सुम्ने बसा हो जरा," आई म्हणायची. सुम्ने म्हणजे उगी, गप्प. "बसतो अक्का, नाळे," असं म्हणून अंकल निघालेले असत. नाळे म्हणजे उद्या. तो उद्या मी कधी पाहिला नाही.

एकदा एका पाद्रीचं उत्तर आलं, की पॅट्रिक सापडला. अंकलनी म्हैसूरपाक वाटला. त्या पॅट्रिकच्या जन्माच्या तारखेला दरवर्षी चर्चमध्ये प्रार्थना ठेवली. आई त्या दिवशी वर खीर पाठवू लागली. तीन वर्षांनी कळलं, की हा पॅट्रिक जन्मात गावाबाहेर पडला नव्हता. तिथे म्हणे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे एकेका गल्लीत चार-चार पॅट्रिक. आईला यात काही विशेष वाटलं नाही. आमच्याच घरात तीन विठ्ठल होऊन गेलेत. अंकल दोन दिवस जेवले नाहीत. पण पुढच्या वर्षी तारीख आली तेव्हा मेणबत्ती घेऊन निघालेच. मी अडवलं, तर म्हणाले, "तीन वर्षं आपल्या घरचा होता ना रे तो. आता एकदम नको कसं म्हणू?" अंकलचा मला कधीकधी फार राग यायचा, तो अशा वेळी टिकायचा नाही.

आम्ही शिंपी. आयुधपूजेला आमच्याकडे मशीन, कात्र्या, टेप यांच्याबरोबर मापांच्या जुन्या वह्याही मांडतात. गिऱ्हाईक वारलं तरी त्याचं पान फाडायचं नाही, हा माझ्या आजोबांचा नेम होता. त्या वर्षी आरतीपर्यंत अंकलना धीर निघेना, म्हणून कुंकू वाहिलेली एक वही उचलून ते पानं उलटायला लागले. सगळं मोडीत, त्यांना ती लिपी उभी की आडवी हेही कळत नव्हतं. एका पानावर आजोबांनी झग्याचं चित्र काढलं होतं. "हा यारदु? कुणाचा?" त्यांनी विचारलं. आमच्या घरात मोडी फक्त आईला येत असे. तिने चष्मा लावला. "रेल्वे गेटजवळच्या पॅट्रिक गार्डाची मडम," तिने वाचलं आणि अंकलकडे पाहिलं.

"पुढे वाच, अक्का."

"खांद्यापासून घोट्यापर्यंत चव्वेचाळीस. छाती तीस. बाही वीस. डावा खांदा अर्धा इंच खाली." आईने वही उजेडाकडे धरली. "मापाला उभी राहत नाही. दोनदा घेतलं."

"उभी राहत नव्हती?"

"तसंच लिहिलंय. सारखी हलत असणार."

अंकल मला म्हणाले, "किती उंच असेल?" मी हिशेब करून माझ्या खांद्यापाशी हात धरला. ते जवळ आले आणि माझ्या हाताकडे बघत राहिले. आरती राहूनच गेली.

दिवाळीनंतर त्यांनी दगड कोरणाऱ्याला बोलावलं. गावाच्या ओळीत काय घालू, असं त्याने विचारलं. "राहू दे मोकळी," अंकल म्हणाले. "गाव नाही मिळालं. ती मिळाली." दगड टेंपोत चढवायला माणसं वाकली, तेवढ्यात आई आतून ताट घेऊन आली. तिने दगडाला हळदकुंकू लावलं आणि तांदूळ, नारळ, हिरवा खण ठेवून त्याची ओटी भरली. "नऊ वर्षं राहिली बाई आमच्याकडे, रिकामी कशी पाठवू?" म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. टेंपो हलताना खण उडू नये म्हणून दगडाशेजारी बसलेल्या अंकलनी तो उचलून मांडीवर घेतला, उलगडून पाहिला आणि मला विचारलं, "तिला पुरेल ना रे एवढा?"

"पुरेल अंकल," मी म्हणालो. "उरेलसुद्धा."