पाव किलो हवा

आमच्या ग्रुपचे किस्से कोणी जमा नाही करत, ते आपोआपच जमतात. दिवसभर स्टील प्लांटमध्ये भट्टीजवळ घामाघूम व्हायचं, ड्यूटी सुटली का रिसालीत मिलिंदच्या अंगणात चहा प्यायचा, अन् रविवारी काही ना काही खोलून ठेवायचं. खोललेलं कधी जुळते, कधी नाही जुळत, किस्सा मात्र दर वेळी होते. बारसं असो का रिटायरमेंटची पार्टी, कोणीतरी म्हणतेच, "अबे, तो टर्बोवाला सांग ना!" तं घ्या, सांगतो.

*

सुरुवात झाली नागपूरच्या रोडवर, देवरीच्या चढावर.

मिलिंदचे बाबा प्लांटच्या ब्लोअरवर होते, म्हंजे भट्टीले हवा पुरवणाऱ्या मशीनवर. आता रिटायर. पण नोकरी लागल्यापासून दर दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर जाणार म्हंजे जाणार! एक साल चुकलं नाही. गुडघे गेल्यावर रेल्वेतली गर्दी जमेना, म्हणून घरची जुनी पेट्रोल गाडी. मागच्या खेपेले गाडीत पाच जण, एसी चालू, अन् चढावर ती अशी रेंगाळली का कांद्याचा ट्रक आमाले ओव्हरटेक करून गेला. गेला तं गेला, क्लीनरच्या सीटवरच्या मिशीवाल्या बुवानं मुंडकं बाहेर काढून इचारलं, "चाचा, धक्का लगाऊँ क्या?"

बाबानं खिडकीची काच वर केली. मिलिंदच्या मनाले ते लय लागलं. मले म्हणे, "पुढच्या साली बाबाले या चढावरून असा नेतो का ट्रकवाले पाहात राहतील!"

*

आमच्यातला तिसरा म्हंजे साहू. प्लांटमध्ये वेल्डर, बोली छत्तीसगढी, मनानं राजा. त्यानं कबाड्याकडून एका डिझेल जीपचा टर्बो शोधून आणला. टर्बो म्हंजे काय, इंजिनच्या धुरावर एक पंखा फिरते अन् तो इंजिनमध्ये जास्तीची हवा कोंबते. आमाले त्यात नवीन काय? भट्टीत हवा वाढवली का आग वाढते, आग वाढली का माल वाढते. सारी जिंदगी तेच करून राहिलो!

पाइप साहूनं जोडला. भट्टीले जोडतात तसाच जोडला. एवढा जाड, का बॉनेटच बंद होईना. मी म्हटलं, "साहू, गाडी आहे, प्लांट नाही." तो छाती ठोकून म्हणे, "इंजन फूट जाही, फेर मोर पाइप नइ फूटय!" म्हंजे इंजिन फुटन, पण त्याचा पाइप नाही फुटणार.

आमी दोघं हसलो. तवा हसू आलं.

*

हवा किती किलो प्रेशरनं द्यायची, हे इचारायले नेहरू नगरच्या मेकॅनिककडे गेलो. भला माणूस. त्यानं साफ सांगतलं, "पिस्टन कंपनीचेच, ओरिजिनल आहेत ना? मग पाव किलो प्रेशर. त्याच्या वर देली तर गाडी माझ्याकडे आणू नका."

मिलिंदले रागच आला. बाहेर येऊन म्हणे, "पाव किलो? आपण काय धनिया घ्याले आलो का बे? भट्टीले तीन किलो लागते, याले एक तं देऊ!"

अन् खरं सांगतो, मलेही ते पटलं. एवढे दिवस हवेचीच नोकरी केलेले आमी, आमाले कोण शिकवणार?

*

बाबाले सांगतलं, का सायलेन्सर बदलून राहिलो.

पहिल्यांदा गाडी चालू केली तं बारीक शिट्टी वाजली. बाबा ओसरीत पेपर वाचून राहिले होते. पेपर खाली न करताच त्यांनी आवाज देल्ला, "अगं, कुकर लावला का?"

"नाही बा," आतून काकूचा, म्हंजे मिलिंदच्या आईचा, आवाज आला.

"बरं," बाबा म्हणाले, अन् पान पलटवलं. ज्या माणसानं पस्तीस साल ब्लोअरचा आवाज ऐकून बेअरिंग कोणतं खराब ते सांगतलं, त्याले आपण सायलेन्सर सांगून राहिलो, हे आमच्या डोक्यातच नाही आलं.

*

दसरा पाच दिवसांवर होता. दुपारी ट्रायल घ्याले उतईच्या रोडवर गेलो. पहिला एक मिनिट काय सांगू! गाडी पळाली का पाठ सीटले चिपकली. हवेच्या प्रेशरचा काटा अर्धा किलोवर, मग पाऊण किलोवर. मिलिंद ओरडून राहिला होता, "पाहा बे, पाहा! कुठं आहे तो कांदेवाला?"

मग इंजिनमधून आवाज सुरू झाला, डब्यात गोटे हलवल्यावानी.

साहूले वाटलं कोणी चणेच भाजून राहिलं. मागून म्हणे, "चना भूंजत हे का गा?"

"मिलिंद, पाय काढ!" मी म्हटलं.

आता पाहा. कोणताही ड्रायव्हर असता तं पाय काढला असता. पण भट्टीवर आमाले पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं, का काहीबी झालं तरी हवा एकदम बंद करायची नाही, नाहीतं माल उलटा येऊन पाइपात जमते. मिलिंद गंभीरपणे म्हणे, "एकदम नाही काढत. हळूहळू कमी करतो!"

धाड!

पांढरा धूर, रोडभर ऑइल, अन् इंजिनच्या बाजूले एवढं मोठं भोक, का आतला रॉड बाहेर डोकावून राहिला होता. आमी दोघं पुतळे. साहू तेवढा खाली वाकला, आपल्या पाइपावर सारीकडून हात फिरवला अन् उठून आनंदानं म्हणे, "मोर पाइप ल कुछु नइ होय हे!"

*

ट्रॅक्टरले दोर बांधून गाडी नेहरू नगरले नेली. मेकॅनिकनं नाही म्हटलं होतं, तरी बिचाऱ्यानं इंजिन खोललं. एक पिस्टन वितळून आरपार भोक पडलेलं. तो डोळ्याले लावून त्यानं मिलिंदकडे पाहिलं अन् म्हणे, "यातून तर तुम्ही पूर्ण दिसता साहेब."

मी हसलो. मिलिंद नाही हसला. तो तिथंच टायरवर बसला. "हसू नोको गा. साऱ्या जिंदगीत बाबाचं एक साल नाही चुकलं. आता माह्यानं चुकणार." मग मलेही वाईट वाटलं, पाव किलो तं मीही ऐकलं होतं.

साहूनं दुर्गमध्ये ठोकलेली सेम गाडी शोधली. तिचं इंजिन काढलं अन् ड्यूटी सुटल्यावर चार संध्याकाळ तिघांनी मिळून बसवलं. टर्बो नाही, काही नाही. अंगणात रोज आमची पाव किलोवरून भांडणं, भोकाचा पिस्टन ओसरीवर पडून, अन् बाबा स्वतः चहाचे कप आणून ठेवायचे. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले, "लय मोठं सायलेन्सर दिसते."

*

दसऱ्याले पहाटेच निघालो. समोर बाबा, मागं काकू, मी अन् साहू. देवरीच्या चढावर गाडी पहिलेसारखीच रेंगाळली. एक ट्रक हॉर्न मारत पुढं गेला. मिलिंदचे कान लाल. बाबा खिडकीतून मजेत झाडं पाहून राहिले होते.

पण पोचलो! गाडी लय दूर लावावी लागली. रस्ताभर माणसंच माणसं, पांढरे कपडे, पुस्तकांच्या दुकानांवर झुंबड, चारी बाजूनं जय भीम. बाबा काठी टेकत एकेक पाऊल टाकून राहिले होते. समोर स्तूप दिसला अन् मिलिंदले राहावलं नाही. एवढ्या दिवसांची धाकधूक, आता कधी एकदा बाबाले आत नेतो असं झालं होतं त्याले. त्यानं बाबाचा दंड धरला अन् वढायलेच लागला. "चला ना बाबा, पटपट चला! लाइन वाढून राहिली!"

बाबा थांबले. घाम पुसला. झोळीत हात घातला, अन् भोक पडलेला तो पिस्टन काढून मिलिंदच्या हातात ठेवला.

"हळू चाल बाप्पा," ते म्हणाले. "माहं इंजिनही कंपनीचंच आहे. पाव किलोच्या वर हवा नोको देऊ."