कोलारहून आलेला प्रतिस्पर्धी

पन्नासच्या दशकात मी बेंगळूरमध्ये हेवीवेट बॉक्सिंग करायचो. किताबाच्या लढतीआधी माझा हात मोकळा व्हावा, म्हणून उस्तादांनी कोलारच्या खाणीतला एक उतारवयाचा, हमखास हरणारा गडी निवडला. त्याचं नावही मी विचारलं नाही.

दुसऱ्या फेरीत त्याचा ठोसा कानशिलावर बसला आणि माझे गुडघे वाकले. तेवढ्यात त्याने मला मिठीत धरलं. “स्वल्प दम घे, तम्मा,” धाकट्या भावाला म्हणावं तसं तो पुटपुटला. तो थकलाय असं समजून लोक हसले.

गुणांवर मीच जिंकलो. नंतर नळावर तो तोंड धूत होता. मी विचारलं, “अण्णा, मला पाडलं का नाहीत?”

“माझीही किताबाची लढत ठरली होती,” तो म्हणाला. “सरावाच्या लढतीतच एकाने मला पाडलं, आणि ती संधी गेली.”

पुढे मी किताब जिंकला. आजही लोक त्या लढतीबद्दल विचारतात. मी त्यांना या माणसाबद्दल सांगतो.